ग्रीष्म ऋतू, ओझोन आणि श्वासविकार : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

मेघ, जल, शीत आणि पूर्वेचा वारा यांनी तमक श्वास वाढतो, हे चरकाचार्यांचे मत आपणा सर्वांस विद्यार्थिदशेपासून मुखोद्गत असते. व्यवहारातही त्याचा प्रत्यय येतो. आषाढ-श्रावणात आभाळ भरून आले की चिकित्सालयातील गर्दी वाढते. पौष-माघात पहाटेच्या थंडीने रुग्ण उठून बसतात. परिणामी आकाश निरभ्र झाले, ऊन तापू लागले आणि कफाचा प्रशम-काळ आला, की श्वासाच्या रुग्णाविषयी आपण काहीसे निश्चिंत होतो. ही निश्चिंतता अनाठायी ठरण्याचा संभव आहे, एवढेच प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. आणि तीत आमचीही चूक झाली असल्याने ती आधी सांगणे उचित.

लाखनी तालुक्यातील, रस्त्याच्या कामावर मजुरी करणारी, चाळिशीची एक स्त्री काही वर्षांपूर्वी एप्रिलअखेरीस आमच्याकडे आली. छाती आवळल्यासारखी वाटणे, दीर्घ श्वास घेताना छातीत दुखणे, कोरडा कास आणि घशात आग अशी लक्षणे होती. वसंतातील कफप्रकोप अद्याप शमला नसावा अशा समजुतीने आम्ही त्रिकटुयुक्त कल्प व श्वासकुठार रस योजले. उपशय मिळाला नाहीच, उलट दाह वाढला. दुसऱ्या वर्षी त्याच सुमारास ती पुन्हा आली, तेव्हा कोठे आम्ही नीट प्रश्न विचारले. त्रास दुपारी बारानंतर सुरू होई, चारच्या सुमारास पराकोटीस जाई व रात्री उतरे. थंड पाणी, थंड जागा यांनी बरे वाटे. मृगाचा पाऊस पडला की आठवडाभरात तक्रार थांबे. मेघ आणि शीत यांनी वाढणाऱ्या व्याधीचे हे चित्र नव्हे; ते जवळजवळ त्याच्या उलट होते.

तिच्या घरी चूल होती, कामावर धूळ आणि डांबराचा धूर होता. तेव्हा एकाच कारणावर बोट ठेवणे योग्य नाही, आणि एका रुग्णावरून सिद्धान्तही होत नसतो. परंतु वेळ व ऋतू यांचा तो मेळ ज्या एका वायूच्या वेळापत्रकाशी तंतोतंत जुळतो, त्या ओझोनचा परिचय आपण करून घेतला पाहिजे.

ओझोनचे दोन संसार

जर्मन-स्विस रसायनज्ञ शोनबाइन यांनी १८३९-४० च्या सुमारास हा वायू ओळखला व त्याच्या उग्र वासावरून ग्रीक शब्दाच्या आधारे त्याचे नाव ठेवले. प्राणवायूचे तीन अणू एकत्र येऊन तो बनतो. भूपृष्ठापासून पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर त्याचा थर सूर्याचे अतिनील किरण अडवतो आणि तेथे तो जीवरक्षक आहे. तोच वायू आपल्या श्वासोच्छ्वासाच्या पातळीवर असला की फुप्फुसाला जाळतो. वृत्तपत्रांतून ‘ओझोन वाचवा’ असे वाचलेल्या माणसास हे पटवून देणे कठीण जाते.

येथे एक अवांतर गोष्ट नमूद करतो. तुळस किंवा पिंपळ ओझोन सोडतात, म्हणून ते आरोग्यदायी, असे व्याख्यानांतून व भ्रमणध्वनीवरील संदेशांतून आपल्याच व्यवसायबंधूंकडून ऐकावयास मिळते. वनस्पती ओझोन सोडत नाहीत. उलट पर्णरंध्रांवाटे तो शोषून घेतात आणि त्यापायी स्वतः इजा सोसतात. तुळशीचे गुण शास्त्रात पुरेसे वर्णिलेले आहेत, त्यांस या उसन्या महतीची गरज नाही. तसेच ‘ओझोन निर्माण करून हवा शुद्ध करणारी’ म्हणून विकली जाणारी यंत्रे श्वासाच्या रुग्णाच्या खोलीत असता कामा नयेत.

जमिनीलगतचा ओझोन कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहने, औष्णिक वीजकेंद्रे, वणवे व भट्ट्या यांतून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे आणि इंधने, द्रावके, जळणारा पाला यांतून निघणारी सेंद्रिय बाष्पे यांवर प्रखर सूर्यप्रकाश पडला की तो हवेतच शिजतो. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर पसरणाऱ्या, डोळे झोंबवणाऱ्या धुरक्यामागे हीच प्रक्रिया आहे, हे हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी दाखवून दिले. पाक सिद्ध होण्यास द्रव्यांइतकाच अग्नी आवश्यक असतो. येथे अग्नीचे कार्य सूर्य करतो. म्हणूनच या प्रदूषणास ऋतू आहे आणि प्रहरही आहे.

आपल्या जिल्ह्याचा ऋतुक्रम

पंचांगानुसार चैत्र-वैशाख हा वसंत असला, तरी पूर्व विदर्भात चैत्राच्या उत्तरार्धातच ग्रीष्माची लक्षणे प्रकट होतात. मे महिन्यात ४५ अंशांवर पारा जाणे आपल्याला नवे नाही. शेजारच्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. आकाश निरभ्र, सूर्य माथ्यावर, दिवस दीर्घ. याच काळात साकोली, तुमसर, पवनी या भागांतील पानगळीच्या अरण्यात वाळलेला पाला पडलेला असतो. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची प्रथा आहे, आणि ती आग पुष्कळदा अरण्यात शिरते. प्रज्ञापराध हा शब्द येथे कठोर वाटेल. पोटासाठी फुले वेचणाऱ्याला तो लावण्यास आमचे मन धजत नाही. झाडाखालची जागा झाडून घेतली वा जाळी अंथरली तरी काम भागते, एवढे मात्र सांगता येते.

याखेरीज एक सूक्ष्म बाब आहे. ओझोनचा मोठा अंश हिरव्या पानांत शोषला जाऊन नष्ट होतो. फाल्गुन-चैत्रात पानगळ झालेली असते, आणि उरलेली पानेही तीव्र कोरड्या उन्हात आपली रंध्रे मिटून घेतात. म्हणजे निर्मिती सर्वाधिक असते त्याच वेळी निचरा मंदावतो. जून मध्यानंतर पर्जन्य आला की हे चित्र पालटते. ढग सूर्यप्रकाश अडवतात, समुद्रावरून स्वच्छ हवा येते, पाऊस धूलिकण व विद्राव्य वायू धुऊन नेतो, अरण्य हिरवे होते. ओझोन वर्षातील नीचांकाकडे जातो. शरदात ऊन पुन्हा तापते तेव्हा त्याची काहीशी वाढ संभवते. हेमंत-शिशिरात सूर्य मंद असल्याने आपल्याकडे ओझोनपेक्षा शेकोटी, चूल व धुक्यात कोंडलेला सूक्ष्म धूर हाच मुख्य शत्रू असतो. सारांश, श्वासाच्या रुग्णास वर्षभर एकच ‘प्रदूषण’ बाधत नसते. ऋतूबरोबर त्याचे द्रव्य बदलते.

खेड्यातील हवा शुद्धच असते काय?

‘शहर सोडा, खेड्यात जाऊन राहा’ असा सल्ला आम्हीही अनेकांना दिला आहे. धूळ-धुराच्या बाबतीत तो बहुधा ठीक ठरतो, ओझोनच्या बाबतीत मात्र नाही. भर रहदारीच्या चौकात वाहनांतून ताजे निघालेले नायट्रिक ऑक्साइड ओझोनला तेथल्या तेथे संपवते. शहराची हवा वाऱ्यासवे बाहेर वाहू लागली की घटकांचे प्रमाण बदलते आणि काही तासांनी, काही कोसांवर, मोकळ्या रानात ओझोन शहराहून अधिक भरतो. नागपूर आपल्या पश्चिमेस सुमारे साठ किलोमीटरवर, तर कोराडी व खापरखेडा ही वीजकेंद्रे त्याच्या उत्तरेस आहेत. मौद्याचे वीजकेंद्र नागपूर व भंडारा यांच्या दरम्यान, आणि जिल्ह्यातून मुंबई-कोलकाता महामार्गावरील जड वाहनांची अखंड रांग. ग्रीष्मात वारा बहुधा पश्चिमेकडून व वायव्येकडून वाहतो. रात्रीही खेड्यात ओझोन शहराइतका झपाट्याने उतरत नाही, कारण त्याला खाणारा वाहनांचा ताजा धूर तेथे कमी असतो.

मार्च-एप्रिल २०२० च्या टाळेबंदीत याचे प्रत्यक्ष दर्शन घडले. देशातील शहरांत धूलिकण व नायट्रोजनची ऑक्साइडे लक्षणीय घटली. आकाश निळे दिसले म्हणून आपण आनंदलो. परंतु ओझोन त्या प्रमाणात घटला नाही, काही ठिकाणी तर वाढला. स्वच्छ दिसणारे आकाश हे निर्दोष वायूचे प्रमाण नव्हे.

प्रमाण आणि निर्देशांक

भारताच्या २००९ च्या मानकांनुसार ओझोनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीस प्रतिघनमीटर १०० मायक्रोग्रॅम व एका तासास १८० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आठ तासांसाठी १०० हाच अंक ठेवून, वर्षातील सर्वाधिक ओझोनच्या सलग सहा महिन्यांसाठी ६० ही वेगळी मर्यादा जोडली. ‘ऋतू’ या संकल्पनेस मानकात स्थान मिळाले, ही गोष्ट आपल्यासाठी लक्षणीय आहे. २०१५ पासून प्रसिद्ध होणाऱ्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकातही ओझोनचा समावेश आहे. परंतु तो वाचताना एकच एकत्रित आकडा न पाहता ओझोनची दुपारची नोंद स्वतंत्र पाहावी. सकाळी पाहिलेला ‘समाधानकारक’ हा शेरा दुपारी तीन वाजता लागू असेलच असे नाही.

शरीरावरील परिणाम व शास्त्रविचार

ओझोन पाण्यात फारसा विरघळत नाही. म्हणून नासा-कंठात न अडकता तो सूक्ष्म श्वासवाहिन्यांपर्यंत पोहोचतो, तेथील स्रावाचे व पेशींचे ऑक्सिडीकरण करतो आणि शोथ उत्पन्न करतो. दीर्घ श्वास घेववत नाही, खोकला येतो, छातीत दुखते. दम्याचा झटका त्याच दिवशी न येता दुसऱ्या दिवशीही येऊ शकतो. श्रम करणारा माणूस मिनिटास कितीतरी पट अधिक हवा आत घेतो, तीही मुखावाटे. म्हणून बालके, वृद्ध व दमेकरी यांच्याइतकाच उघड्यावर राबणारा निरोगी मजूरही धोक्यात असतो. उष्णता आणि ओझोन एकत्र आले की हानी वाढते. ऑगस्ट २००३ मध्ये युरोपातील उष्णलाटेत झालेल्या अतिरिक्त मृत्यूंपैकी काहींचे कारण अभ्यासकांनी ओझोनकडे लावले आहे. वातावरण तापत चालल्याने असे दिवस वाढणार, हे उघड आहे.

चरकाचार्यांनी तमकाच्याच प्रकरणात प्रतमक व संतमक यांचे वर्णन केले आहे. त्यांच्या हेतूंत रजाचा म्हणजे धुळीचा निर्देश आहे, आणि शीत उपचारांनी ते त्वरित शमतात असे म्हटले आहे. आमची रुग्णा या वर्णनाशी अधिक जुळत होती, हे आम्हास एक वर्ष उशिरा उमगले. विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात दुष्ट वायूची लक्षणे देताना ऋतूस विपरीत, अतिस्तब्ध, अतिउष्ण, अतिरूक्ष, असात्म्य गंध-बाष्प-धूलि-धूम यांनी युक्त अशी विशेषणे येतात. यावरून आचार्यांना ओझोन ठाऊक होता असा दावा करण्याचे काहीच कारण नाही. काळ आणि वायू यांचा एकत्र विचार करण्याची पद्धती त्यांनी घालून दिली, तेवढी आपल्यास पुरे. आदानकाळाच्या अंती बल क्षीण असते व वाताचा संचय होत असतो. अशा देहावर उष्ण, रूक्ष, तीक्ष्ण असा हा बाह्य हेतू आदळतो, अशी संप्राप्ती आम्ही तात्पुरती मानतो.

व्यवहारात काय करावे

ग्रीष्मचर्येत व्यायाम व आतप वर्ज्य, मध्याह्नी शीत गृहात वास आणि दिवास्वापास अनुज्ञा आहे. ओझोनचा माथा दुपारी एक ते चार या वेळात असतो. तेव्हा हा जुना नियम येथेही उपकारक ठरतो. उघड्यावरचे काम पहाटे सहास सुरू करून दहा-अकरापर्यंत आटोपावे. तेंदूपाने तोडणाऱ्या स्त्रिया पहाटे अरण्यात जाऊन उन्हे चढण्याआधी परततात व पुडे सावलीत बांधतात, ती रीत अनुकरणीय आहे. सायंकाळी पाचला तापल्या हवेत शतपावली करण्यास श्वासाच्या रुग्णास सांगू नये. त्याचे फिरणे सूर्योदयाच्या सुमारास असावे.

तोंडास बांधलेला दुपट्टा ऊन व धूळ अडवतो, वायू अडवत नाही; रुग्णास तसे स्पष्ट सांगावे. दारे-खिडक्या मिटलेल्या घरात ओझोन बाहेरच्यापेक्षा बराच कमी असतो, आणि मातीचा गिलावा तो चांगला शोषतो. कूलर मात्र बाहेरचीच हवा आत ओढतो आणि वाळ्याच्या ओल्या ताट्या ओझोनला विशेष रोखत नाहीत. तरीही कूलर बंद करावयास सांगू नये, कारण उष्माघात हे अधिक निकटचे संकट आहे.

औषधाबाबत आमचे मत मर्यादित आहे. ग्रीष्मात दाहयुक्त श्वास-कासात उष्ण-तीक्ष्ण कल्प जपून वापरावेत; वासा, यष्टीमधु, द्राक्षा यांकडे आमचा कल असतो. ओझोनवर ही औषधे सिद्ध आहेत असे कोणी समजू नये. ज्याचा ‘पंप’ चालू आहे त्याचा तो आपल्या भरवशावर बंद करू नये. ओठ निळसर होणे, एक वाक्य सलग बोलता न येणे, नाडी अतिशय जलद होणे यांपैकी काही दिसल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात धाडावे.

त्या स्त्रीने तिसऱ्या वर्षी मुकादमास विनवून सकाळची पाळी घेतली. त्या वैशाखात तिचा त्रास पुष्कळ कमी होता. एका संध्याकाळी मात्र गावालगतच्या रानात वणवा लागला आणि रात्री तिला धाप लागली; आम्ही तिला लगेच रुग्णालयात पाठवले व दोन दिवसांनी ती घरी आली. तेव्हापासून आमच्या केसपेपरवर श्वासाच्या रुग्णासाठी तीन ओळी वाढल्या आहेत : त्रासाचा प्रहर, त्या दिवशी आभाळ निरभ्र की ढगाळ, आणि दुपारी रुग्ण कोठे होता.