पिकांच्या अंगचे रक्षक

हळद, सोयाबीन, कापूस व तूर ही आपल्या हिंगोली जिल्ह्याची परिचित पिके होत. वसमतच्या हळदीस तर २०२४ साली भौगोलिक मानांकनही लाभले. शेत हिरवेगार दिसले की पीक निर्दोष आहे, असे आपण सहज म्हणतो. ते नेहमीच खरे असते काय, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

कॅडमियम, शिसे, तांबे, जस्त इत्यादींस जड धातू म्हणतात. तांबे व जस्त वनस्पतीस अल्प प्रमाणात हवेच असतात. अधिक झाल्यास मात्र बाधतात. कॅडमियम व शिसे यांचा पिकास काडीचाही उपयोग नाही. कारखान्यांचे सांडपाणी, टाकाऊ बॅटऱ्या व काही स्फुरदयुक्त खते यांवाटे ते जमिनीत उतरतात.

असा धातू मुळांत शिरला म्हणजे पेशींचे व्यवहार बिघडतात व ऑक्सिजनची उग्र रूपे वाजवीपेक्षा अधिक उत्पन्न होतात. ती पेशींची आवरणे व प्रथिने यांचा नाश करू लागतात. तेव्हा विकरे, म्हणजेच एन्झाइम, रक्षणास धावतात. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर सुपरऑक्साइडपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनविते. त्याचे हे कार्य मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी १९६९ साली दाखवून दिले. हायड्रोजन पेरॉक्साइडही घातकच. म्हणून कॅटलेज त्याचे पाणी व ऑक्सिजन करून टाकते. पेरॉक्सिडेजही या कामी साह्य करते.

कॅटलेजचे कार्य विद्यार्थ्यांनी शिक्षकांसमक्ष अवश्य पाहावे. कच्च्या बटाट्याच्या चकतीवर औषधाच्या दुकानातील सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडचे काही थेंब टाकावे. लागलीच फेस येईल. तो फेस म्हणजे ऑक्सिजनचे बुडबुडे. उकडलेल्या बटाट्यावर तो येणार नाही, कारण उष्णतेने विकर नष्ट झालेले असते.

जमिनीत धातू थोडा असता या विकरांचे कार्य बहुधा वाढते. तो फार वाढला म्हणजे ती स्वतःच निकामी होऊ लागतात. पाने पिवळी पडतात, मुळे खुंटतात.

परंतु मुख्य गोष्ट निराळीच आहे. ही विकरे आग विझवितात. आग लावणाऱ्यास शेताबाहेर घालवीत नाहीत. पीक धातूचा काही अंश बांधून आपल्या पेशींतच कोंडून ठेवते. त्यामुळे ते वरून टवटवीत दिसते आणि विष मात्र दाण्यात किंवा कंदात राहू शकते. जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीतील कॅडमियम भातशेतीत उतरले. तो भात खाऊन व ते पाणी पिऊन लोकांची हाडे ठिसूळ झाली, असह्य वेदनांनी माणसे कण्हू लागली. या रोगाचे मूळ कॅडमियम होय, हे तेथील सरकारने १९६८ साली मान्य केले.

आपली काळी जमीन चिकणमातीची व बहुधा अल्कधर्मी असल्याने असे धातू बरेचसे धरून ठेवते. तथापि तिच्या या गुणावर विसंबून राहणे शहाणपणाचे नव्हे, कारण एकदा मुरलेला धातू सहजी निघत नाही. यास्तव बॅटऱ्या शेतात किंवा विहिरीत टाकू नयेत, खते माती तपासूनच द्यावीत, आणि शेणखत व कंपोस्ट यांस अंतर देऊ नये. पीक आपले रक्षण यथाशक्ति करतेच. त्याच्या मुळाशी विष जाऊ न देणे हे काम मात्र आपले आहे.