तिसऱ्यांदा ‘नीट’ देण्याआधी

तिसऱ्यांदा नीट देऊ का? नको. दर जूनमध्ये हाच प्रश्न येतो, आणि विचारणारे बहुतेकदा वडील असतात. मुलगा शेजारी मोबाइलची काच पुसत बसलेला. 2024 मध्ये 23 लाखांहून जास्त मुलांनी ही परीक्षा दिली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा देशभरात सव्वा लाखाच्याही आत होत्या. खासगी कॉलेजची फी तुम्ही माझ्याआधीच विचारून आला आहात. बीएएमएस, फिजिओथेरपी, फार्मसी हे रस्ते ठाऊक नसलेलं घर नाही, तेव्हा ते सोडू.

मी सुचवतो ते ऐकून पालकांचं तोंड वाकडं होतं: इमेजिंग टेक्नॉलॉजी. ‘म्हणजे एक्स-रे काढणारा?’ हो, आणि एमआरआय काढणाराही.

समजा, सकाळी उठल्यावर एखाद्याचा उजवा हात उचलला जात नाही, जीभ जड झाली आहे. पक्षाघाताचा झटका रात्री कधी आला, कुणालाच माहीत नाही. सीटीमध्ये रक्तस्राव नाही एवढं कळतं. बाकी सुरुवातीच्या तासांत सीटी पुष्कळदा स्वच्छच दिसतो. इथे डिफ्यूजन एमआरआय कामाला येतो. रक्तपुरवठा तुटला की पेशींचे पंप बंद पडतात, पाणी आत शिरून पेशी फुगतात आणि पाण्याच्या रेणूंची मोकळी हालचाल अडते. ती अडलेली जागा चित्रात पांढरी चमकते, कधी कधी झटक्यानंतर काही मिनिटांतच. पण जुना डागही चमकू शकतो, म्हणून सोबत पाण्याची हालचाल मोजणारा एडीसीचा नकाशा पाहतात: तिथे तीच जागा काळी असेल तर इजा ताजी. डिफ्यूजनमध्ये डाग आहे, पण ‘फ्लेअर’ या दुसऱ्या प्रकारच्या एमआरआय चित्रात अजून उमटलेला नाही, तर झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला. अशा निवडक रुग्णांना गुठळी विरघळवणारं औषध दिल्याने फायदा होतो, हे युरोपातल्या ‘वेक-अप’ चाचणीने 2018 मध्ये दाखवलं.

निर्णय डॉक्टरांचा. पण तळमळणाऱ्या रुग्णाचं डोकं पॅड लावून स्थिर ठेवणारा, त्या एक-दोन मिनिटांच्या सिक्वेन्समध्ये चित्र हलू न देणारा माणूस टेक्नॉलॉजिस्ट असतो. पेसमेकर आहे का विचारणारा, सिलिंडर दारातच अडवणाराही तोच. एमआरआयचं चुंबक रात्रीही चालूच असतं. 2018 मध्येच मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर आत गेला आणि रुग्णाच्या नातेवाइकाचा जीव गेला.

ज्या मुलाला फिजिक्स मनापासून आवडतं आणि बायोलॉजीचं पाठांतर नकोसं होतं, त्याच्यासाठी हे काम आहे. तुमची अडचण वेगळी आहे, पालकहो. लग्नकार्यात ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, एवढीच. त्यापायी एकोणीस वर्षांच्या पोराला आणखी एक वर्ष क्लासच्या हॉस्टेलवर कोंडू नका.

गोडगोड सांगत नाही. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, रात्रपाळ्या असतात. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न बीपीएमटी हा पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, असा रस्ता आहे. बारावीला विज्ञान लागतं. ‘सहा महिन्यांत एमआरआय टेक्निशियन’ अशा पाट्यांच्या वाटेला जाऊ नका. 2021 च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाची नोंदणी एका राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणली आहे, तेव्हा पदवीची मान्यता आधी तपासा. प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजात जाऊन एकच विचारा: मुलांना प्रत्यक्ष एमआरआयवर किती महिने बसवता, आणि कुठल्या रुग्णालयात?