हातात न आलेला नफा

डोंबिवली,
२५ मार्च २०२३

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

पाडव्याला तुझा फोन आला नाही. संध्याकाळी गुढी उतरवताना मामी म्हणाली, "सोन्या विसरला वाटतं." मी गप्प राहिलो. तू विसरणाऱ्यातला नाहीस. रात्री ताईचा फोन आला तेव्हा उलगडा झाला. तिकडे अमेरिकेत एडिसनला पाडव्याच्या जेवणाला तू गेला नाहीस, घरात धड बोलत नाहीस, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोन घेऊन बसतोस. तुझ्या मित्राने ताईला सांगितलं की सोन्याने सिलिकॉन व्हॅली बँक शॉर्ट केली, बँक बुडाली, सोन्याचा अंदाज बरोबर ठरला, पण पैसे अडकलेत. इथपर्यंत मी शांतपणे ऐकलं. पुढचं ऐकून मात्र माझी झोप उडाली. त्या अडकलेल्या नफ्याच्या भरवशावर तू म्हणे फर्स्ट रिपब्लिक बँकही शॉर्ट करून बसला आहेस.

हे खरं आहे का? बाकीचं नंतर. आधी एवढंच सांग.

ताईला यातलं काही कळत नाही. ती सारखी विचारते, "फायदा झालाय, तर मग तो घाबरलाय कशाला?" शेवटी मी तिला साखरेचा दाखला दिला. म्हटलं, शेजारणीकडून किलोभर साखर उसनी आणली आणि चढ्या भावाने विकली. भाव उतरला की दुकानातून स्वस्तात घेऊन शेजारणीला परत करायची आणि मधला पैसा आपला. भाव उतरला, अगदी मातीमोल झाला, आणि नेमकं दुकानाला टाळं लागलं. साखर घेता येत नाही, म्हणून परत करता येत नाही. शेजारीण मात्र उसनवारीचं भाडं रोज लावते, तेही टाळं लागण्याआधीच्या भावाने. ताई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पैसे त्याचे नाहीतच की अजून."

सोन्या, तुझी आई सातवी शिकली. तिला दोन मिनिटांत कळलं ते तुला कळत नसेल असं मी म्हणणार नाही. तुला कळतं, म्हणूनच तू फोन उचलत नाहीस.

८ मार्चला सिलिकॉन व्हॅली बँकेचा शेअर २६७ डॉलरवर बंद झाला. ९ तारखेला एका दिवसात साठ टक्के पडून १०६ वर आला. १० तारखेला बाजार उघडण्याआधीच व्यवहार थांबले आणि त्याच दिवशी सरकारने बँक ताब्यात घेतली. १२ तारखेला ठेवीदारांना सगळे पैसे देण्याची हमी मिळाली, भागधारकांना काहीच नाही. १७ तारखेला बँकेच्या मूळ कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तुझा अंदाज शंभर टक्के बरोबर होता, मी मान्य करतो. पण ॲपवर शेअरमागे १६० डॉलर नफा दिसतोय तो १०६ वर गोठलेला आकडा आहे. त्याला हात लावता येत नाही. उलट शेअर उसना ठेवल्याचं भाडं त्याच १०६ वर चढतंय, आणि अशा शेअरचा भाड्याचा दर ब्रोकर कधीही वाढवू शकतो. मार्जिन, म्हणजे तारणाची रक्कमही, तो वाटेल तेव्हा वाढवून मागेल.

आता हे किती दिवस चालेल? मागच्या वर्षी ४ मार्चला रशियाच्या शेअरांच्या अमेरिकेतल्या एका फंडाचे व्यवहार असेच थांबले. ज्यांनी तो फंड शॉर्ट केला होता, ते महिनोन्‌महिने अडकून पडले. लेहमन बँकेने १५ सप्टेंबर २००८ ला दिवाळखोरी मागितली आणि तिचे शेअर कागदावरून रद्द व्हायला २०१२ उजाडलं. कंपनी दिवाळखोर झाली म्हणून शेअर दुसऱ्या दिवशी मरत नाही. तो मरेपर्यंत तुझ्या डोक्यावर उसनवारी आहेच. आणि तेवढ्यात तू दुसरी उसनवारी केलीस?

फर्स्ट रिपब्लिकचं काय झालं ते तू माझ्याआधी पाहिलं असशील. १६ तारखेला अकरा मोठ्या बँकांनी तिच्यात ३० अब्ज डॉलर ठेवले. २१ तारखेला तिचा शेअर एका दिवसात तीस टक्क्यांच्या आसपास उसळला. कदाचित ती बँकही पुढे बुडेल. पण बुडण्याआधी असे चार दिवस आले, तर फरक कुठून भरशील? पहिल्या शेअरच्या नफ्यातून? तो तर टाळ्याच्या आत आहे.

मी रागावून लिहितोय असं तुला वाटेल. रागावलोच आहे. पण त्यातला निम्मा राग माझा माझ्यावर आहे, तो तुझ्या वाट्याला येतोय.

आईच्या पाटल्यांची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे, पण ती 'मामाला धंद्यात खोट आली' एवढीच. खरं तू आज ऐक. १९९२ साली मी दलाल स्ट्रीटवर रिंगमध्ये क्लार्क होतो. तेव्हा बोल्ट, म्हणजे संगणकावरचे सौदे, नव्हतं. हातात पेन्सिल आणि सौद्यांचं पॅड, घसा बसेपर्यंत ओरडायचं. १५ जानेवारीला सेन्सेक्स २,००० झाला, फेब्रुवारीच्या शेवटी ३,०००. मला दिसत होतं की हा फुगा आहे. मी मंदी केली, म्हणजे तुझ्यासारखंच शॉर्ट, एका सिमेंटच्या शेअरमध्ये. शनिवारी बदल्याचं सेशन व्हायचं. तेजीवाले सौदा पुढे ढकलायला बदला द्यायचे, तो माझ्यासारख्या विकणाऱ्याला मिळायचा. तो हातात आला की वाटायचं, कमाई होतेय. पण दर सेटलमेंटला ठरणाऱ्या हवाला भावाचा फरक भरावा लागे, तो त्या बदल्याच्या कितीतरी पट. मी भरत राहिलो. आधी पगारातून, मग मित्रांकडून, शेवटी ताईपुढे हात पसरला. तिने आईच्या पाटल्या काढून दिल्या. कशासाठी ते विचारलंही नाही. मी म्हणालो, आठ दिवसांत आणून देतो.

३० मार्चला सेन्सेक्स ४,००० च्या वर गेला आणि त्याच आठवड्यात मला सगळा माल चढ्या भावाने परत घ्यावा लागला. २३ एप्रिलला पेपरात शेअर बाजारातल्या घोटाळ्याची बातमी आली आणि बाजार कोसळला. मी बरोबर होतो, सोन्या, फक्त तीन आठवडे लवकर. त्या दिवशी चर्चगेटहून गाडीत बसलो तो दादरला उतरायचा राहिलो आणि थेट बोरिवलीला पोचलो. बाकावर बसून होतो. नुकसानीपेक्षा एकच गोष्ट जाळत होती, की घरी कुणाला सांगितलं नाही.

२००४ साली मी ताईला त्याच वजनाच्या पाटल्या करून दिल्या. तिने लगेच हातात घातल्या, हसली, म्हणाली, "छान आहेत." आईच्या पाटल्यांवर आतल्या बाजूला एक बारीक खाच होती, लहानपणी मीच त्या पाट्यावर आपटल्या होत्या. नव्या पाटल्यांवर ती खाच कुठून येणार?

म्हणून सांगतो. दुसरा शॉर्ट उभा असेल तर सोमवारी बाजार उघडताच कापून टाक, तोट्यात असला तरी. पहिल्यासाठी ब्रोकरला लेखी विचार: रोजचं भाडं किती, मार्जिन किती लागेल, आणि नॅस्डॅकवरून तो शेअर निघून एक्स्चेंजबाहेर, ओटीसीला, उघडला तर तुम्ही मला घेऊ द्याल का. नॅस्डॅकवर तो पुन्हा सुरू होईल असं मला वाटत नाही. ज्या दिवशी कुठेही घेता येईल, त्या दिवशी मिळेल त्या भावाने घे आणि उसनवारी फेड. शून्याची वाट पाहू नकोस. तोपर्यंत भाड्यापुरते आणि मार्जिनपुरते पैसे वेगळे ठेव, आणि त्या नफ्यातला एक डॉलरही खर्चात धरू नकोस.

आणि आज रात्री फोन ठेवून दे. बायकोजवळ बस, तिला सगळं सांग, आकड्यांसकट. ती चिडेल. चिडू दे. मग तिच्यासमोरच ताईला फोन लाव. मला नाही केलास तरी चालेल.

माझ्या पेन्शनीतले थोडे पैसे बाजूला आहेत. भाड्याला कमी पडले तर कळव. हिशेब मागणार नाही. तू लहान असताना परीक्षेत मार्क कमी पडले की आमच्या घरी येऊन माळ्यावर लपायचास. मला माहीत असायचं. मी खालून हाक मारायचो नाही, फक्त ताट वाढून ठेवायचो. भूक लागली की उतरायचास.

आत्ताही ताट वाढलेलंच आहे. उतर, बाळा.

तुझा,
मामा