लक्ष नाही, की लक्ष वळत नाही?

आमच्या शब्बाथशाळेत एक नऊ वर्षांचा मुलगा आहे. सुवर्णवचन म्हणताना तो तिसऱ्या शब्दाला अडतो, शास्त्रपाठ चालू असता बाकाखाली शिरतो, आणि प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देऊन मोकळा होतो. मंदिरातली पायपेटी दुरुस्त करायला कारागीर आला, तेव्हा हाच मुलगा त्याच्याशेजारी दीड तास बसला. भाता कुठे फाटला, सूर का अडकतो, हवा कोठून जाते, सगळे त्याने विचारून घेतले. ते पाहून आम्ही शिक्षकांनी ठरवून टाकले की याला लक्ष देता येते, वचनाच्या वेळी मुद्दाम देत नाही. त्याच्या आईला तसे चारचौघांत बोलूनही दाखवले. पुढचे तीन रविवार ती दोघे आली नाहीत.

आमची समजूत चुकीची होती. ती पुष्कळ वर्गांत असते, म्हणून हा पाठ.

पुढे डॉक्टरांनी या मुलाला एडीएचडी असल्याचे सांगितले. अवधानाची उणीव व अतिचंचलता, असा त्या नावाचा अर्थ. पण नावाने थोडी दिशाभूल होते. अशा मुलांजवळ अवधान नसते असे नाही. ते हवे तिकडे वळवणे आणि नको तिथून सोडवणे त्यांना जड जाते. काम महत्त्वाचे आहे एवढ्याने त्यांचे मन जागे होत नाही. काम नवे असले, त्यात कोडे असले, त्याचे फळ लगेच दिसत असले, तर मात्र ती अशी गुंततात की हाक ऐकू येत नाही. मेंदूतील डोपामीन या द्रव्याचा यात हात असावा, असे संशोधक मानतात. म्हणजे पायपेटीपाशी दीड तास आणि वचनापाशी दीड मिनिट, ही एकाच अडचणीची दोन रूपे.

१९०२ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली. बुद्धी ठीक असूनही ही मुले स्वतःला आवरू शकत नाहीत, हे त्यांनी नेमके टिपले; पण त्याला नैतिक संयमातला दोष म्हटले. शंभरांवर वर्षे लोटली, तरी आम्ही त्या आईला वेगळे काय सांगितले?

कुतूहलाविषयी एक अभ्यास सांगण्याजोगा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी तो २०२४ साली प्रसिद्ध केला. त्यांनी ४५७ प्रौढांना संगणकावर झुडपांवरची फळे वेचण्याचा खेळ दिला. झुडूप रिते होत जाई तशी फळे कमी मिळत, आणि दुसऱ्या झुडपाकडे जायला वेळ मोडे. ज्यांच्या स्वतःच्याच सांगण्यात एडीएचडीसारखी लक्षणे दिसली, ती माणसे झुडूप लवकर सोडत; आणि सरासरीने त्यांचीच फळे अधिक भरली. करवंदे वेचणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही. तरी खेळ तो खेळ. त्यावरून ही देणगीच आहे असे म्हणू नये. अभ्यासात, पैशाच्या व्यवहारात, रस्त्यावर या लोकांचे खरे नुकसान होते.

वळवळणारे प्रत्येक मूल एडीएचडीचे नव्हे. लक्षणे बारा वर्षांच्या आत दिसलेली, निदान सहा महिने टिकलेली, आणि घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी असावी लागतात. निदान डॉक्टरांनी करावे, आम्ही नव्हे. त्यांनी औषध दिले तर त्यात लाज कसली? आणि खिडकीबाहेर पाहत गप्प बसणाऱ्या मुलीला विसरू नये; ती त्रास देत नाही म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

आम्ही त्या घरी जाऊन क्षमा मागितली. मुलगा परत आला. त्या रविवारी नोहाच्या तारवाचा धडा होता. नेहमीप्रमाणे गोष्टीने आरंभ न करता शिक्षिकेने आधी विचारले, “तारू तीनशे हात लांब होते. म्हणजे केवढे?” मुलगा बाकाखालून वर आला. “हात कोणाचा? नोहाचा की माझा?” या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाजवळ तयार नव्हते. शेवटी हात दीड फुटाचा धरून, सुतळी घेऊन सगळा वर्ग आवारात गेला. मंदिर साठ फूट भरले. तारू त्याच्या साडेसात पट, हे त्यानेच आधी ओरडून सांगितले, अर्थात हात वर न करता. सुवर्णवचन त्या दिवशी कोणालाच विचारायचे राहून गेले.