राणीछाप रुपयाची पारख

लक्ष्मीपूजनाच्या ताटात मांडले जाणारे राणीछाप आणि राजाछाप रुपये अनेक मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेले आढळतात. कौटुंबिक वाटणी वा आकस्मिक गरज उद्भवली की ते विकायला निघतात. धनत्रयोदशीच्या सुमारास तेच रुपये हौसेने विकतही घेतले जातात. या दोन्ही प्रसंगी ग्राहकाने दोन स्वतंत्र प्रश्न विचारणे आवश्यक असते : चांदी खरी आहे काय? आणि नाणे खरे आहे काय? पहिल्याचे उत्तर होकारार्थी मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले, असे गृहीत धरल्यानेच अनेकदा मोठे नुकसान होते.

मूळ प्रमाण

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ च्या कायद्यान्वये आपल्या मुलखात एकसारखा रुपया सुरू केला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, तोळ्याचे वजनही नेमके तेच. बारा भागांपैकी अकरा भाग, म्हणजे ९१.६७ टक्के चांदी आणि उर्वरित तांबे, असे त्याचे प्रमाण होते. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड व पाचवा जॉर्ज यांच्या रुपयांत ते कायम राहिले. सहाव्या जॉर्जच्या काळात, १९४० मध्ये, वजन तेच ठेवून चांदी ५० टक्क्यांवर आणली गेली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. म्हणजेच १९४० ते १९४५ या वर्षांचा रुपया अस्सल असला तरी त्यात चांदी निम्मीच असते. त्यासाठी जुन्या रुपयाचा भाव देणे म्हणजे तोटा पत्करणे होय.

धातूची परीक्षा

नाणे वाजवून घेण्याची रीत जुनी आहे. चांदीचा नाद खणखणीत व लांबणारा असतो, तर हलक्या धातूवर मुलामा दिलेले नाणे बहुधा बद्द वाजते. मात्र चीर गेलेले अस्सल नाणेही बद्द वाजू शकते. लोहचुंबकाला चिकटणारे नाणे निश्चितच बनावट. परंतु न चिकटणारे खरेच असेल असे नाही, कारण तांबे, शिसे आणि जर्मन सिल्व्हर हेही चुंबकाला चिकटत नाहीत.

यापेक्षा अधिक विश्वसनीय कसोटी घनतेची आहे. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणाऱ्या काट्यावर प्रथम नाण्याचे कोरडे वजन घ्यावे. नंतर पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा. नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला वा कडेला टेकणार नाही, असे हाताने धरावे. या वेळी काटा जितके ग्रॅम दाखवील तितके घनसेंटिमीटर नाण्याचे आकारमान असते. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. पूर्ण वजनाच्या अस्सल रुपयासाठी काटा सुमारे १.१३ दाखवितो, ११.६६ भागिले १.१३ म्हणजे सुमारे १०.३. निम्म्या चांदीच्या रुपयाची घनता ९.५ च्या आसपास, तांब्याची ८.९६, तर जर्मन सिल्व्हरची त्याहूनही थोडी कमी येते. हाताळणीने झिजलेल्या नाण्याचे वजन घटते, घनता मात्र बदलत नाही. शिशासारखा जड धातू मिसळून घनताही साधता येते, म्हणून नाद, वजन, व्यास आणि घनता यांचा एकत्रित विचार करावा.

नाण्याची परीक्षा

दुर्मीळ वर्षाच्या नाण्याला संग्राहक चांदीच्या मोलापेक्षा कितीतरी अधिक रक्कम देतात. त्यामुळे खरी चांदी वापरूनही बनावट नाणी पाडली जातात. येथे काटा निरुपयोगी ठरतो आणि इतिहासाचे ज्ञान कामी येते. व्हिक्टोरियाने भारताची सम्राज्ञी ही पदवी धारण केल्यानंतर, १८७७ पासून, रुपयावर ‘क्वीन’ऐवजी ‘एम्प्रेस’ हा शब्द आला. त्यापूर्वीच्या वर्षाच्या रुपयावर तो असणे अशक्य. पाचव्या जॉर्जचे चलनी रुपये १९११ ते १९२२ या वर्षांचेच आहेत. १९११ च्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी तक्रार झाल्याने १९१२ मध्ये ती आकृती सुधारण्यात आली. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया अत्यंत दुर्मीळ असल्याने १९३८ च्या नाण्यातील शेवटचा आकडा बदलण्याचा मोह होतो. भिंगाखाली त्या आकड्याभोवतीचे ओरखडे वा जोडकाम तपासावे. कंपनीच्या नावाने विकली जाणारी राम दरबार वा हनुमानाच्या चित्राची नाणी तर कंपनीने कधीच चलनात आणली नाहीत.

ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि दातेरी कडेवर कधी सांध्याची रेघ आढळते. दोन नाण्यांवर एकाच जागी एकसारखा खड्डा दिसल्यास दोन्ही एकाच साच्यातून आली असण्याचा दाट संशय घ्यावा.

व्यवहारातील दक्षता

पूर्ण वजनाच्या जुन्या रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्या दिवसाच्या भावाने तिचे मोल प्रथम काढावे. त्यावरील प्रत्येक रुपया नाण्याच्या दुर्मीळतेसाठी दिला जातो, हे लक्षात ठेवून वर्ष, टांकसाळ व धातू यांचा उल्लेख असलेली पावती मागावी. क्ष-किरण यंत्राची तपासणी नाण्याला इजा करीत नाही, पण ती केवळ पृष्ठभागाचा कस सांगते. जाड मुलाम्याखालचा गाभा तिला दिसत नाही. विक्रीपूर्वी नाणे घासूनपुसून चकचकीत करू नये. त्याने संग्राहकांच्या लेखी मोल घटते.

जुनी नाणी व नोटा भरघोस किमतीला विकून देण्याच्या आमिषाने रिझर्व्ह बँकेच्या नावे शुल्क, कमिशन वा कर मागितला जातो. आपण असे व्यवहार करीत नाही व त्यासाठी कोणतीही रक्कम मागत नाही, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये केला आहे. विक्रीपूर्वीच पैसे मागणाऱ्यास स्पष्ट नकार द्यावा आणि खात्याचा तपशील वा ओटीपी कोणासही सांगू नये. पूर्वजांनी जपलेला बंदा रुपया विकायचाच असेल, तर त्याचे वजन, घनता व वर्ष स्वतः पडताळून, किमान दोन जाणकारांचे मत घेतल्यावरच विकावा.