ओझे उचलण्याची रीत : एक पाठ

खेड्यापाड्यांतील बायका पाण्याची घागर किंवा सरपणाची मोळी डोक्यावर घेताना जाणाऱ्या-येणाऱ्यास "जरा हात लावा" असे सहज म्हणतात. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. शाळेत मात्र याच्या उलट प्रकार दिसतो. शालेय पोषण आहाराच्या तांदळाचे पोते दाराशी उतरविले जाते, पाऊस येण्याच्या बेतात असतो आणि मुख्याध्यापक घाईघाईने एकटेच ते ओढू-उचलू लागतात. कमरेत उसण भरते, आठ-पंधरा दिवस रजा काढावी लागते आणि एकशिक्षकी शाळा असल्यास तेवढे दिवस मुलांचे शिक्षण खोळंबते. म्हणून ओझे उचलण्याची रीत हा शिक्षकांनी स्वतः शिकण्याचा व मुलांस शिकविण्याचा विषय होय.

कारणमीमांसा. विज्ञानाच्या पाठ्यक्रमात तरफ हा घटक येतोच. पहारीने धोंडा हलविताना टेकू धोंड्याच्या जवळ ठेवतात, म्हणून थोड्या बलाने मोठा भार हलतो. वाकून ओझे उचलताना माणसाच्या कमरेत नेमके याच्या उलट घडते. कमरेचे मणके हा टेकू. पाठीचे स्नायू हे बल. हे स्नायू टेकूपासून जेमतेम 5 सेंटिमीटर अंतरावर असतात. 10 किलोचे ओझे टेकूपासून 40 सेंटिमीटर पुढे धरले, तर 10 गुणिले 40 म्हणजे 400. त्यास 5 ने भागिले असता 80 येतात. म्हणजे 10 किलोचे ओझे तोलण्यास स्नायूंना सुमारे 80 किलोंचा जोर लावावा लागतो. वाकलेल्या धडाचे वजन त्यात आणखी मिळते. हा सारा दाब मणक्यांमधील मऊ गाद्यांवर पडतो. तेच ओझे 20 सेंटिमीटरवर आणले की, त्यासाठी लागणारा जोर निम्मा होतो. ओझे अंगाशी धरावे, हा सर्वांत महत्त्वाचा नियम यावरून सिद्ध होतो.

प्रात्यक्षिक. पाण्याने भरलेला तांब्या एका विद्यार्थ्याने प्रथम छातीशी धरावा व नंतर हात लांब करून धरावा. हात केव्हा भरून येतो, हे इतरांनी आकडे मोजून पाहावे. तांब्याचे वजन बदललेले नाही, अंतर मात्र बदलले, हे मुलांच्या तोंडूनच वदवून घ्यावे.

उचलण्याची रीत. प्रथम ओझे किंचित हलवून त्याचा अंदाज घ्यावा. ते न्यावयाचे त्या वाटेत दगड, ओल किंवा उंबरठा आहे काय, ते पाहावे. पाय खांद्यांइतके फाकवून एक पाय थोडा पुढे ठेवावा. गुडघे व खुबे वाकवून खाली जावे. पाठीस कुबड काढू नये. बोटांच्या टोकांनी न धरता पूर्ण पंजाने पकड घ्यावी. हिसका न देता सावकाश उठावे. वळताना कमरेत पीळ पडू देऊ नये; पावले टाकून सर्व शरीर वळवावे. ओझे खाली ठेवतानाही हीच रीत पाळावी, कारण पुष्कळ इजा ठेवण्याच्या घाईतच होतात.

तथापि, रीत कितीही उत्तम असली तरी 50 किलोचे पोते एकट्याने उचलावयाचे नसते. ते रुंद असल्याने गुडघ्यांमध्ये मावत नाही व अंगाशीही येत नाही. अशा वेळी पुढील उपाय करावेत. पोते आणणाऱ्यांकडूनच ते कोठीच्या खोलीत ठेववून घ्यावे. जमिनीऐवजी कमरेच्या उंचीच्या भक्कम बाकावर किंवा ओट्यावर ठेवविल्यास रोज वाकावे लागत नाही. पोते हलविणे भागच असेल तर ते उघडून पाच-पाच किलोंच्या दहा खेपांत न्यावे. बाक, टेबल व कपाट दोघांनी वा चौघांनी उचलावे; एकाने "एक, दोन, तीन" म्हणावे व सर्वांनी एकदम उठावे. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनीही भरलेले मोठे पातेले एकटीने उतरवू नये. गरम अन्न अंगावर सांडण्याचा धोका कमरेच्या दुखण्याहून मोठा आहे.

मुलांविषयी. मुलांची हाडे व सांधे वाढीस लागलेले असतात. पोती, गॅसची टाकी, कपाटे अशी ओझी त्यांजकडून कदापि उचलवू नयेत. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावे, असे महाराष्ट्र शासनाने 2015 साली ठरविले व केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणातही हेच प्रमाण आहे. 22 किलो वजनाच्या मुलाचे दप्तर 2.2 किलोंच्या आत असावे.

इजा झाल्यास. उसण भरली तर ओझे उचलणे थांबवावे. परंतु दिवसचे दिवस अंथरुणास खिळून राहू नये. सोसवेल तितके चालत-फिरत राहिल्याने आराम लवकर पडतो. पाय बधिर किंवा लुळा पडणे, लघवीवर ताबा न राहणे, अशी लक्षणे दिसताच मात्र विलंब न लावता रुग्णालयात जावे.

मोठ्या वर्गांसाठी. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. पाठीवर व माथ्यावर पोती वाहणाऱ्या या कष्टकऱ्यांच्या हितरक्षणासाठी महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा केला. त्याआधी 1967 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने नेहमी वाहावयाच्या ओझ्यास 55 किलोंची मर्यादा सुचविली होती. नागरिकशास्त्राच्या तासास ही माहिती अवश्य द्यावी.

स्वाध्याय. (1) आपल्या दप्तराचे व आपले वजन करून प्रमाण काढा. (2) घरात रोज कोण कोणते ओझे उचलते, त्याची यादी करा. (3) त्यांतील कोणते ओझे दोघांनी उचलता येईल, ते लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी घरी वाचून दाखवावे. आईच्या घागरीस हात लावण्यास मूल आपण होऊन पुढे झाले, म्हणजे पाठ सफल झाला असे समजावे. शिक्षकांनीही दाराशी पडलेल्या पोत्यापुढे उभे राहून "जरा हात लावा" म्हणण्यास संकोच करू नये.