उंबरठ्यापलीकडचे कामाचे ठिकाण

बांगड्या भरणाऱ्या कासारणीला मराठवाड्यातील घरांचे दरवाजे पिढ्यान्‌पिढ्या उघडे होते. तिला सारा गाव ओळखत असे आणि तीही प्रत्येक घर ओळखून असे. आज जालना शहरात, किंवा अंबड, परतूर, भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावी फेशियल, थ्रेडिंग, वॅक्सिंग वा नवरीच्या सजावटीसाठी घरोघरी जाणाऱ्या भगिनींची स्थिती तशी नाही. गाळा घेण्याइतके भांडवल नसल्याने त्या पिशवीत साहित्य भरून निघतात. बोलावणे मोबाइलवर येते आणि बोलावणारे घर पुष्कळदा अनोळखी असते.

सुरक्षिततेचा विचार या पहिल्या फोनपासूनच व्हावयास हवा. संपूर्ण पत्ता, कोणते काम, घरी कोण कोण असेल, हे विचारण्यात संकोच नसावा. फोन पुरुषाने केला असेल, तर जिचे काम करावयाचे तिच्याशी बोलल्याखेरीज वेळ देऊ नये. ‘मसाज’ची विचारणा गोलमोल शब्दांत झाली तर नकार तेथेच द्यावा. थोडी रक्कम आगाऊ घेणेही हिताचे, कारण परत फिरण्याचे धैर्य पुष्कळदा बुडणाऱ्या मजुरीपाशी अडते. दारात गेल्यावर ती महिला दिसली नाही आणि ‘येईलच ती, बसा’ असे सांगण्यात आले, तर बाहेरच थांबावे. वॅक्सिंगसारख्या कामात खोलीचे दार लावावे लागते. ती कडी स्वतः लावावी, दाराला कुलूप मात्र घालू देऊ नये. निघण्याची वेळ आलीच तर हीटर आणि डबे गोळा करण्यात क्षण दवडू नये. साहित्य मागाहून आणता येते.

लग्नसराईत हळदीची रात्र आणि नवरीची पहाट या दोन्ही वेळा अडचणीच्या. मंठा किंवा घनसावंगीकडील खेड्यातून परतताना शेवटची एस. टी. निघून गेलेली असते. नेण्या-आणण्याची व्यवस्था आणि सोबतच्या मदतनीस मुलीची मजुरी ही दर ठरवितानाच बोलून घ्यावी.

तथापि, खरी अडचण सावधगिरीच्या अभावाची नसून मौनाची आहे. एखाद्या घरी वाईट अनुभव आला तर तो घरी सांगितला जात नाही. सांगितला तर ‘उद्यापासून जाऊ नकोस’ हेच उत्तर मिळेल, अशी भीती असते. मुलांची फी ज्या पिशवीवर अवलंबून आहे तीच बंद व्हावयाची! म्हणून ज्या कुटुंबाला तिची काळजी आहे, त्याने प्रथम काम न थांबविण्याचा शब्द तिला द्यावा. बचत गटांनाही येथे मोठे कार्य करता येईल. कोण, कोठे, किती वाजता गेली आणि केव्हा परतणार याची नोंद एका मैत्रिणीकडे असावी. ठरल्या वेळी फोन आला नाही तर तिने चौकशी करावी. ज्या घरी त्रास झाला त्याची माहिती गटातील इतर भगिनींना मिळाली, तर दुसरी कोणी त्या दारी जाणार नाही.

कायद्याचे पाठबळही पुष्कळांना ठाऊक नसते. राजस्थानातील भटेरी गावी बालविवाह रोखण्यासाठी घरोघरी फिरणाऱ्या एका ‘साथिन’वर १९९२ मध्ये अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा अधिनियम आला. स्वयंरोजगार करणाऱ्यांच्या सेवा व्यवसायांचा समावेश त्यातील असंघटित क्षेत्राच्या व्याख्येत आहे. राहते घरही त्यात कामाचे ठिकाण मानले आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांतील तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यावयाची असते. सबळ कारण असल्यास मुदत आणखी तीन महिने वाढू शकते.

अंगाशी झोंबणे, पाठलाग करणे, खोलीत कोंडून ठेवणे हे भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हे आहेत. प्रसंग चालू असेल तेव्हा ११२ हा क्रमांक फिरवावा; १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे. घटना भोकरदनला घडली आणि भगिनी जालन्यास राहत असेल, तरी हद्दीचे कारण सांगून पोलीस ठाण्याला तक्रार नाकारता येत नाही. समितीकडील तक्रार जिला लिहिता येत नाही, तिला ती लिहून देण्यास साहाय्य करणे हे समितीचेच काम आहे.